आधी ताट विचारा

मधुमेह निघाला की घरात दोन कागद येतात. एक रक्ततपासणीचा, दुसरा आहाराच्या तक्त्याचा. त्या तक्त्यात ओट्स असतात, ब्राऊन ब्रेड असतो, सूप असते. जळगाव-धुळ्याकडच्या घरात तो फ्रिजच्या दारावर चिकटतो आणि तिथेच राहतो. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी यांतले त्यात काहीच नसते. तक्ता चुकीचा असतो असे नव्हे; तो दुसऱ्याच कुणाच्या तरी ताटाचा असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या २०२५ मधल्या अहवालात म्हटले आहे की आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून, मुख्यतः धान्य-साखरेच्या, येतात. तेव्हा प्रश्न ताटाचाच आहे, पण ते आधी पाहायला तर हवे.

जाणता आहारतज्ज्ञ सल्ला देण्याआधी कालच्या चोवीस तासांचा हिशेब विचारतो. एकदा नव्हे, दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचा, आणि त्यात एक दिवस सुट्टीचा किंवा सणाचा. “मावशी, सकाळी काय घेतलं?” “काही नाही, नुसता चहा.” “चहाबरोबर?” “दोन टोस्ट.” नुसत्या चहातले हे टोस्ट पहिल्या प्रश्नाला कधीच बाहेर येत नाहीत. बँकेत कर्ज मागायला येणारा शेतकरी जमीन लगेच सांगे. दुसरीकडचे देणे विचारले की छताकडे पाही. दरडावून विचारले तर खरा आकडा मिळत नाही, हे मी त्या खुर्चीत शिकलो. गोडाचेही तसेच आहे.

मग वाटी कोणती, भाकरी केवढी, तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, हे विचारायचे. ते स्वयंपाक करणारीलाच ठाऊक असते.

आता आपले ताट. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही आजीने दिलेली देणगीच. उडदात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमांहून अधिक प्रथिने, ज्वारीत दहाच्या आसपास. पण ‘भाकरी चालते’ म्हणून चार खाणारेही मी पाहिले आहेत. ज्वारीच्या पिठातली कर्बोदके गव्हाच्या पिठाएवढीच, शंभरात पासष्टच्या वर. भरिताचे वांगे निर्दोष. हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीत त्याच्यावर ओतलेले तेल आणि बरोबरच्या पुऱ्या मात्र हिशेबात धरायला हव्यात. शेवभाजीत तळलेले बेसन आणि वर तर्री. रावेर-यावलच्या केळ्याला तर सरसकट फाशीच दिली जाते. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदके असतात. जेवणानंतर दोन केळी आणि भाकरीऐवजी अर्धे केळे, यांत फरक आहे. आखाजीला आमरस-पुरणपोळी नको म्हणणे कुणाला जमणार? दोनाची एक पोळी आणि लहान वाटीभर रस, हे ठरवता येते. एकादशीचा साबुदाणा मात्र मला खरोखर भयंकर वाटतो. बहुतेक पिष्टच, आणि तो ‘उपवासाचा’ म्हणून कुणी मोजत नाही.

सर्वांत कमी विचारले जाते ते घरातल्या बाईचे ताट. ती सर्वांच्या मागून जेवते. उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोच खाते आणि नवऱ्यासमोर डॉक्टरांनी विचारले तर “सगळं थोडं थोडं” म्हणते. गोळी सकाळी नवाला घेतलेली आणि जेवण दुपारी अडीचला. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने अशा वेळी साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती शेताच्या बांधावर बसते. “ऊन लागलं,” असे म्हणतात आणि कुणीतरी कांदा हुंगायला देते, जेव्हा तिला लगेच साखरेचे पाणी हवे असते. तिच्या तक्त्यावर ‘दुपारी १ वाजता जेवण’ असे छापलेले असते. ती खरोखर किती वाजता जेवते, हे डॉक्टरांना सांगितले तर गोळीची वेळ बदलायची की गोळीच, हे ठरवता येते. पुढच्या खेपेला नवऱ्याने बाहेरच्या बाकावर बसावे.