देवळालीचा ताप आणि घराजवळचा बार

मद्याविषयी आपल्या स्मरणिकेत लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. डॉक्टरांच्या अंकात मधुमेह, योगासने आणि मानससरोवराचे प्रवासवर्णन शोभून दिसते. बिअरचे पुराण शोभेलच असे नाही. तथापि अलीकडे तपासणीच्या खोलीत हा विषय वारंवार निघू लागला आहे, तेव्हा लिहिणे भाग आहे.

मुलगी पुण्यात असते. तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर 'क्राफ्ट बिअर'चा एक बार आहे. तिथे मी तिच्याबरोबर दोन-तीनदा गेलो. काचेपलीकडे पोलादी टाक्या, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवशीच्या बिअरची नावे आणि प्रत्येकीपुढे मद्यार्काचे प्रमाण. पुण्यात या प्रकाराची सुरुवात २००९ साली 'डुलाली' या मायक्रोब्रुअरीने झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. उन्हाळा, कंटाळा आणि हिवताप यांनी कित्येकांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. त्या अवस्थेला त्यांनी 'डुलाली टॅप' म्हटले. हा 'टॅप' म्हणजे आपला ताप!

बिअर करण्याची रीत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. जवाला मोड आणून, सुकवून, भरडून तो सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोडातले अमायलेज पिष्टाची साखर करते. आपल्या लाळेतले अमायलेज भाकरीच्या घासाचे जे करते तेच. पुढे हॉप्सची फुले घालून उकळणे, थंड करणे आणि यीस्ट सोडणे. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो. तीत केळे मुळीच नसते. तो वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, आणि ते यीस्टच तयार करते. ही बिअर बहुधा गाळलेली वा पाश्चरीकृत नसते, त्यामुळे टिकत नाही. जिथे होते तिथेच ती ताजी प्यावी लागते. असा बार वस्तीत असण्याचे खरे कारण हा नाशवंतपणा आहे.

आपल्या व्यवसायाचे तिच्याशी जुने नाते आहे. १८५४ सालच्या लंडनमधील कॉलऱ्यात ब्रॉड स्ट्रीटवरच्या ब्रुअरीतील सत्तराहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही, हे जॉन स्नो यांनी नोंदवले. ते लोक बिअर पीत, त्या पंपाचे पाणी पीत नसत. पुढे तिथल्याच एका पबला स्नो यांचे नाव दिले गेले. ते स्वतः आयुष्याचा बराच काळ मद्याला शिवले नव्हते, ही गंमत वेगळी.

मात्र या कौतुकाबरोबर एक गैरसमजही पसरला आहे. यकृतात मेद साठलेला चाळिशीचा एक रुग्ण मला म्हणाला, "डॉक्टर, ती ताजी बनवलेली बिअर असते ना, केमिकल नसलेली, ती तर चालेल?" इथेनॉल शेजारच्या टाकीतले असो वा कारखान्यातले, यकृताला त्यात भेद कळत नाही. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१. फरक खरा आहे. पण दोन पेले झाले की बाटली गाठलीच. शिवाय बिअरमध्ये प्यूरीन असतात, तेव्हा यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी तिच्या वाटेला न गेलेले बरे. मद्याची गणना १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारकांत झाली, आणि मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये सांगितले. त्या रुग्णाला मी साफ नाही म्हणालो.

तरीही त्या बारमधले काही मला आवडले, ते लपवत नाही. माझ्या तरुणपणी बारला काळ्या काचा असत. लोक आत शिरताना मागेपुढे पाहत, घाईघाईने पीत आणि बडीशेप चघळत बाहेर पडत. लपून पिण्यात घाई असते, आणि घाईत मात्रा वाढते. इथे लखलखीत उजेड होता. शेजारच्या टेबलावर एक आजी नातवंडांच्या घोळक्यात लिंबू सरबत घेऊन बसल्या होत्या. फळ्यावरचे टक्के लोक वाचत होते, त्यावर बोलत होते. बाटलीवरचे बारीक अक्षर कधी कोणी वाचते काय? मुलीने आणि मी मिळून एकच पेला घेतला, तो तासभर पुरला. नंतर आम्ही चालत घरी आलो. गाडी काढण्याचा प्रश्नच नव्हता.