विंचूदंश : दुखणे थांबले, तरी घाम पाहा

नागोठण्याच्या आसपास भाताची कापणी सुरू झाली की शेतात उडव्या रचल्या जातात, पेंढा घराशी येतो आणि पडवीतला लाकूडफाटा हलवला जातो. या दिवसांत, आणि त्याआधी भर उन्हाळ्यात, कोकणात विंचूदंशाचे रुग्ण वाढतात. घरातील कर्ती माणसे अशा वेळी शेतावर किंवा कारखान्यात असतात आणि घरी राहतात ते आजी-आजोबा व नातवंडे. वाचकहो, दंशानंतरच्या पहिल्या तासातील निर्णय पुष्कळदा आपल्यालाच घ्यावा लागतो, तो यामुळेच. हा निर्णय कोणत्या खुणांवरून घ्यावा, हे वैद्यकशास्त्राला आपल्याच रायगड जिल्ह्यात झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

नागोठण्याहून महामार्गाने दक्षिणेस निघाले की कोलाड, माणगाव ओलांडून महाड लागते. महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्या काळी रूढ असलेल्या औषधांनी गुण येत नव्हता. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. या नोंदींतून सिद्ध झालेला त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वेदना फसवते

विंचू चावला की आपण विचारतो, ‘दुखते किती?’ दुखणे ओसरले की उतार पडला असे समजून निर्धास्त होतो. बावस्करांच्या नोंदी याच्या उलट सांगतात. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात, पण इतर कोणतेही लक्षण नसते, तो रुग्ण बहुधा सुखरूप राहतो. ज्याच्या अंगात विष भिनू लागले आहे, त्याला दंशाच्या जागी वेदना बेताचीच असू शकते. मात्र त्याला उलट्या होतात, अंग घामाने निथळते, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय थंडगार पडतात. मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला ताठरपणा येतो. संकोचापोटी हे लक्षण डॉक्टरांपासून लपवू नये. पुढे धाप लागते, खोकला येतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. तोवर फुप्फुसांत पाणी साठू लागलेले असते.

असे का घडते? लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना अवाजवी उत्तेजित करते. परिणामी शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये एकाएकी रक्तात ओतली जातात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर असह्य भार पडतो.

रक्तदाबाची एक गोळी

आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करता आल्या तर हृदयावरील भार उतरेल, या विचाराने बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध विंचूदंशात वापरले. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिनचा वापर रुळल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.

पुढचा प्रश्न विंचवावरील प्रतिविषाचा होता. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी केली. ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसह प्रतिविष दिले. दहा तासांनी पहिल्या गटातील ८, तर दुसऱ्या गटातील ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते. हे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी एकाच ठिकाणची आणि मोजक्या रुग्णांची होती, हे ध्यानात ठेवावे. पण तिने दाखवलेला फरक मोठा होता. सर्पदंशावरील प्रतिविष विंचवाच्या विषावर चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले.

ज्येष्ठांनी विशेष जपावे

प्राझोसिन रक्तदाबाचे औषध असल्याने कुणाच्या घरी त्याच्या गोळ्या असूही शकतील. त्या आपल्या मनाने देऊ नयेत. घाम व उलट्यांनी शरीरातील पाणी घटलेले असते. अशा स्थितीत रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. ते घेतल्यावर रुग्णाला झोपवून ठेवावे, उठून चालू देऊ नये. लहान मुलाला उभे धरून उचलू नये. आपण रक्तदाबाची, हृदयविकाराची किंवा प्रोस्टेटची औषधे घेत असाल, तर गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. प्रोस्टेटच्या काही गोळ्या प्राझोसिनच्याच जातकुळीतील असतात.

जुन्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. अशा व्यक्तीला दंश झाल्याचे कळतही नाही. तिला अचानक दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर कारण विंचू असेल, हृदयविकाराचा झटका असेल किंवा रक्तातील साखर उतरली असेल. यांपैकी काहीही असो, घरी थांबू नये.

पहिल्या तासात

दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी. बोटांतील अंगठ्या, हातातील बांगड्या उतरवाव्यात. रुग्णाला धीर द्यावा व चालवू नये. धाप लागत असेल तर पाठीला आधार देऊन बसवावे. दोरी आवळून बांधणे, जखम चिरणे, तोंडाने विष ओढणे हे उपाय कटाक्षाने टाळावेत. मंत्र आणि झाडपाला यांत वेळ दवडू नये. मांत्रिकाकडे वेदना थांबली, तरी आत विषाचे काम चालूच असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. दंश किती वाजता झाला आणि पहिली उलटी केव्हा झाली, हे कागदावर लिहून न्यावे. या दोन नोंदी डॉक्टरांना मोलाच्या ठरतात.

उपचारानंतर हातपाय पुन्हा उबदार झाले आणि दंशाच्या जागी दुखू लागले, तर घाबरू नये. परतलेली वेदना बहुधा विष उतरू लागल्याची खूण असते. मात्र रुग्णाला घरी केव्हा न्यायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.