सोन्याचा कस आणि नाण्याचे वय

सराफाच्या कसोटीवर सोने घासले की त्याचा कस कळतो. पण त्या सोन्याचे नाणे कधी पाडले, हे कसोटी सांगत नाही. सोने गंजत नाही, त्यामुळे त्याचे वय सहसा डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच शंभर नंबरी सोन्याचे नाणेही खोटे असू शकते. दुर्मिळ नाण्यांचे पुष्कळ तंटे इथूनच सुरू होतात.

एक उदाहरण पाहा. १७१३ साली ट्रान्सिल्वेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, काही सोन्याची नाणी सापडल्याची नोंद आहे. त्यांतल्या काहींवर स्पॉन्सियन नावाच्या रोमन सम्राटाचा चेहरा होता. अडचण अशी, की या सम्राटाचा उल्लेख रोमच्या कोणत्याही इतिहासात नाही. नाणे हाच त्याचा एकमेव साक्षीदार. नाणे खोटे ठरले, तर राजाच पुसला जाणार!

आणि तसेच झाले. रोमन नाणी ठशांवर ठोकून पाडत. हे नाणे साच्यात ओतलेले होते. मागचे चित्र काही शतके जुन्या नाण्यावरून उचललेले होते. १८६३ मध्ये आंरी कोहेन या फ्रेंच तज्ज्ञाने ते बनावट ठरवले आणि स्पॉन्सियन विस्मरणात गेला.

२०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे पॉल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातले नाणे शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यावर हातोहात फिरल्याने पडावेत तसे बारीक ओरखडे दिसले आणि घट्ट चिकटलेले मातीचे कणही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की नाणे अस्सल आहे. तिसऱ्या शतकात रोमपासून तुटलेल्या डाशिया प्रांतात एखाद्या सेनापतीने ते पाडले असावे.

ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञांसह अनेकांना हे पटले नाही. ओरखडे मुद्दाम पाडता येतात, हे नाण्यांच्या जगाला जुनेच ठाऊक आहे. कार्ल बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन नकलाकार आपली नवी नाणी लोखंडाच्या किसासह डब्यात भरून घोडागाडीला बांधी आणि खडबडीत रस्त्यांवरून फिरवून ‘म्हातारी’ करी, असे सांगतात.

मग निवाडा कशाने व्हावा? प्रयोगशाळा धातू आणि झीज सांगते. पण नाणे कोणत्या जागी, किती खोल, कशाच्या शेजारी सापडले, ही साक्ष जमीनच देते. स्पॉन्सियनच्या बाबतीत नेमकी तीच साक्ष हरवली आहे, म्हणून वाद मिटत नाही.

आपल्याकडेही नांगरताना नाण्यांचा हंडा लागतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. लोकांना ही सरकारी कटकट वाटते. पण परस्पर वाटून घेतलेल्या, वितळवलेल्या हंड्याबरोबर सोन्याहून मोलाची गोष्ट जाते. ती म्हणजे त्याची साक्ष. एकदा ती गेली, की अस्सल नाण्यालाही आपला खरेपणा सिद्ध करता येत नाही.