काळीची चार पिल्लं

मागच्या पडवीत आमची काळी व्याली. चार पिल्लं. दोन आईसारखी काळी कुळकुळीत, दोन काळ्या-तांबड्या ठिपक्यांची कबरी. शेजारच्या काकूंनी लांबूनच निकाल दिला, "त्या कबऱ्या भाट्या गं, त्या नकोत. मला काळा बोका ठेव."

शेपूट न उचलता यांना कसं कळलं? मी पडले आर्ट्‌सवाली. लेकीचं बारावीचं पुस्तक घेऊन बसले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

मांजराचा तांबडा रंग ठरवणारा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एक्स एकच आणि तो आईकडून आलेला. म्हणजे बोका काळा की तांबडा, ते आईच ठरवते! भाटीला एक एक्स आईचा, एक बापाचा. आमच्या काळीचा नवरा गल्लीतला तांबडा बोकाच असणार, म्हणून मुलगे काळे आणि मुली कबऱ्या. भाटीच्या प्रत्येक पेशीत दोनातला एक एक्स बंद पडतो. आईचा बंद तिथे तांबडा ठिपका, बापाचा बंद तिथे काळा. ही गोष्ट मेरी लायन या इंग्रज बाईंनी १९६१ साली उंदरांवरून मांडली. (मांजराचं कोडं उंदराने सोडवलं म्हणायचं!) पांढरा रंग मात्र वेगळ्याच जीनचा. कबरा बोका हजारांत एखादा, त्याला बहुधा एक एक्स जास्तीचा असतो.

अमेरिकेत टेक्सासला २००१ मध्ये एका तिरंगी मांजरीची हुबेहूब प्रत, क्लोन, जन्माला घातली. नाव सीसी. पण तिच्या अंगावर तांबड्याचा मागमूस नव्हता! तो जीन नेमका कुठला, हे तर जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं.

त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळात एक सून आली. दुसरी मुलगी झाली म्हणून माहेरी धाडलेली. मी तिच्या सासूला घरी बोलावलं, पिल्लं दाखवली. म्हटलं, "मावशी, मांजर असो की माणूस, आईकडे द्यायला एक्सच असतो. वाय येतो बापाकडून. मग मुलगी झाली यात सुनेचं काय चुकलं?"

मावशी बराच वेळ पिल्लांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे आमच्या बाब्याला सांगायला याल का?"

रविवारी जाऊन आले. बाब्या मान खाली घालून ऐकत होता, बोलला काहीच नाही. सून अजून माहेरीच आहे. काकूंनी काळा बोका नेला. दोन्ही कबऱ्या अजून पडवीतच आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा.