हशा कुठे थांबतो?

दिवाळीच्या फराळाबरोबर दारूचा विषय काढला म्हणून वाचकभगिनी कदाचित रागावतील. पण विषय दारूचा कमी नि ती पिणाऱ्याकडे पाहणाऱ्या तुमच्या-आमच्या डोळ्यांचा अधिक आहे.

रंगभूमीवर दारुड्या आला की प्रेक्षकांनी हसायचे, हा जणू अलिखित करारच! त्याचा तोल गेला की हशा, जीभ अडखळली की टाळ्या. गडकऱ्यांना हा करार पुरता ठाऊक होता. म्हणून 'एकच प्याला'त त्यांनी तळीरामाला पोटभर हशा वसूल करू दिला आणि त्या हशाच्या आडून सुधाकर-सिंधूचा संसार धुळीला मिळवला. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांचे डोळे पाहायला गडकरी मात्र या जगात नव्हते.

असाच एक अमेरिकन बोलपट आहे 'द लॉस्ट वीकएंड'. चार्ल्स जॅक्सन यांच्या कादंबरीवरून बिली वाइल्डर यांनी तो १९४५ साली पडद्यावर आणला. न्यूयॉर्कमधला डॉन बर्नम हा लेखक व्हायला निघालेला, पण दारूने पोखरलेला माणूस. रे मिलंड या नटाने तो साकारला आहे. भाऊ त्याला पोसतो, हेलन नावाची तरुणी त्याच्यावर जीव टाकते, आणि हा गृहस्थ खिडकीबाहेर दोरीला बाटली टांगून ठेवतो!

या बोलपटाची पहिली परीक्षा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा गावी झाली. कंपनीने तो तिथल्या प्रेक्षकांना आगाऊ दाखवला, आणि दोरीवरची बाटली दिसताच मंडळी चक्क हसू लागली! त्या वेळी चित्राला तात्पुरते, उडत्या जॅझ वळणाचे संगीत जोडलेले होते. डोळ्यांना शोकांतिका दिसत होती, पण कान सांगत होते, 'हसा, गंमत आहे!' मग मिक्लोश रोझा या संगीतकाराने नवे संगीत दिले. त्यात थेरेमिन नावाचे, हात न लावता वाजवायचे विजेवरचे वाद्य वापरले. त्याचा थरथरता स्वर ऐकला की अंगावर काटा येतो. बाटली तीच, दोरी तीच. हशा मात्र गेला. पुढे १९४६ मध्ये उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि नट अशी चार ऑस्कर पारितोषिके या बोलपटाने पटकावली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या सात-आठ बिऱ्हाडांनी मिळून तो पाहिला. डॉन घरभर बाटली धुंडाळतो, उशा फेकतो, पुस्तके उपसतो, आणि अखेर छताच्या दिव्यात लपवलेल्या बाटलीची सावली त्याला वर दिसते. आमच्यातली पोरे तिथे खिदळली. पुढे तो आपले टाइपरायटर गहाण टाकायला निघतो. ज्यू लोकांच्या योम किप्पूर या पवित्र दिवसामुळे पेढ्या बंद. तरी तो दारोदार ओझे ओढत हिंडतो. इथे खोली शांत झाली. इस्पितळातला दारुड्यांचा कक्ष, मग भिंतीतून डोकावणाऱ्या उंदरावर झडप घालणारे वटवाघूळ नि ओघळणारे रक्त हे त्याला होणारे भास पाहून एका मुलीने आईच्या पदरात तोंड लपवले.

दिवे लागले आणि मते सुरू झाली. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस! मनाचा निश्चय का करत नाही?" कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "शेवटी ग्लासात सिगारेट टाकली की सुटली दारू? काहीतरीच!" एका आजींचे म्हणणे, असले चित्र मुलांना दाखवूच नये.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुकाट्याने कप गोळा करत होत्या. त्यांचे यजमान मोठे बोलघेवडे. ते 'रंगात' आले की काय काय करतात, याचे किस्से आमच्या जिन्यात मोठ्या चवीने सांगितले जात. वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होता. मी हेलनकडे बघत होते. तिचा कोटसुद्धा तो गहाण टाकतो, तरी ती येतेच." मग थोडे थांबून म्हणाल्या, "जिन्यावर पाऊल वाजलं की मला कळतं, आज कसे आलेत ते."

कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. हेडमास्तरांनी चष्मा काढून उगाच पुसला.

हेलनला त्या चित्रात कुणाचा आधार मिळत नाही. अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' १९३५ मध्ये निघाली, तर कुटुंबीयांसाठीची 'अल-अॅनॉन' १९५१ मध्ये. आपल्याकडे पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात आणि घरच्यांनाही त्यात हाताला धरून न्यावे लागते, ही समजूत अशा ठिकाणांनी रुजवली. निश्चयाचे व्याख्यान देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आठवड्याभराने वहिनींनी माझ्याकडून पुण्याचा पत्ता लिहून घेतला. यजमान त्यांच्याबरोबर गेले की नाही, ते मी विचारलेले नाही. जिन्यातले किस्से मात्र त्या रात्रीपासून बंद आहेत.