बजेट वाचलं, नि उभी राहिले!
'तू? इलेक्शनला? वीकेण्डला तरी घरी सापडतेस का?' आईचा पहिला प्रश्न! पण मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली, ती जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत सभागृह रिकामंच. बजेट ठरवलं प्रशासकांनी. म्हटलं, आता आपणच विचारू. अपक्ष उभी राहिले.

फंडा सिंपल : बजेटचं बोला. २००६ साली पुण्यात नागरिकांनीच बजेटसाठी कामं सुचवायची सोय सुरू झाली, हे दारोदार सांगत सुटले. एका आजींनी थांबवलं. 'नाव रंगवलेला बाक नको गं. फुटपाथ दे. औषध आणायला भर रस्त्यातून चालते मी.'

हरले. पण फुटपाथचा फॉर्म आजींच्याच डायनिंग टेबलावर भरायचं ठरलंय. तुमच्या प्रभागाचं बजेट पाहिलंत?