काळा पट्टा, 'सिफू', 'ग्रँडमास्टर'... कुंगफूतल्या या पदव्यांचा खरा अर्थ काय? पालकांनी हे वाचाच

तालुक्याच्या गावांतही आता कराटे-कुंगफूचे क्लास निघालेत. पोरं पिवळा, हिरवा, निळा पट्टा घेऊन घरी येतात, फोटो स्टेटसला लागतो, आणि पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेची फी भरायची वेळ येते. क्लासच्या बोर्डावर सरांच्या नावापुढे 'सिफू', 'मास्टर' नाहीतर 'ग्रँडमास्टर' असतं. पण ज्या चीनमधून कुंगफू आलं, तिथे या पट्ट्यांना आणि पदव्यांना किती किंमत आहे? समजून घेऊ.

रंगीत पट्टा चीनचा नाहीच

रंगीत पट्ट्यांची पद्धत मूळची जपानी कलांची. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये शिष्यांना पहिल्यांदा 'दान' ही श्रेणी दिली. ही कल्पना 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून घेतलेली होती. गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये कराटेत काळा पट्टा दिला. पांढऱ्या आणि काळ्याच्या मधले पिवळा, केशरी, हिरवा असे रंग युरोपातल्या ज्युदो क्लबांत रुळले.

चीनमध्ये कमरेला लांब कापडी शेला बांधायचे, त्यालाच इंग्रजीत सॅश म्हणतात. कपडे आवळून राहावेत आणि कमरेला आधार मिळावा एवढंच त्याचं काम. त्याच्या रंगावरून कोणाची पायरी ठरत नसे. कुंगफू अमेरिका-युरोपात पोचलं तेव्हा शेजारच्या कराटे क्लासमध्ये पोरांना पट्टे मिळत होते. आपली प्रगती दिसावी असं कुंगफूच्या विद्यार्थ्यांनाही वाटू लागलं. मग तिथल्या अनेक शाळांनी शेल्याला रंग दिले. म्हणूनच आजही रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नाही. एका शाळेत काळा शेला सगळ्यात वरचा, तर दुसरीकडे त्याच्याही वर लाल किंवा सोनेरी. एका शाळेचा काळा शेला दुसरी शाळा मानेलच असं नाही.

मग मोठा कोण, हे कसं ठरायचं?

घरात ठरतं तसंच. जुन्या कुंगफू शाळेत गुरू म्हणजे बापाच्या जागी आणि सगळी शाळा म्हणजे एक कुटुंब. 'शिफू' या शब्दात 'शि' म्हणजे शिकवणारा आणि 'फू' म्हणजे वडील. हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीत त्याचंच 'सिफू' होतं. बाकीची नाती अशी :

• शिगोंग : गुरूचे गुरू, म्हणजे आजेगुरू
• शिमू : गुरूची पत्नी, म्हणजे गुरुमाता
• शिश्योंग : आपल्या आधी आलेला गुरुबंधू
• शिदी : आपल्या नंतर आलेला गुरुबंधू
• शिज्ये आणि शिमेई : आधी आणि नंतर आलेली गुरुभगिनी

इथे वयाला फार महत्त्व नाही, शाळेत आधी कोण आलं ते बघतात. तिशीतला माणूस आज दाखल झाला, तर दोन वर्षांपूर्वी आलेल्या पंधरा वर्षांच्या पोरालाही तो थोरला गुरुबंधूच मानतो.

गंमत म्हणजे 'शिफू' असाच उच्चार असलेला, पण वेगळ्या अक्षराने लिहिला जाणारा आणखी एक शब्द चिनी भाषेत आहे. आचारी, ड्रायव्हर, सुतार अशा कसबी माणसाला तो लावतात. आपल्याकडे मेकॅनिकला 'उस्ताद' म्हणतात, तसंच. म्हणजे 'शिफू' ही परीक्षा देऊन मिळवायची डिग्री नव्हे. आणि 'ग्रँडमास्टर' हे पुष्कळदा आजेगुरू या नात्याचंच इंग्रजी भाषांतर असतं. शिष्याचे शिष्य झाले की माणूस आजेगुरू होतोच.

विद्यार्थी वेगळा, शिष्य वेगळा

फी भरून शिकतो तो विद्यार्थी. पण गुरूने स्वीकारलेला शिष्य व्हायचं तर 'बाय-शि' नावाचा विधी असतो. शिष्य लेखी विनंतीपत्र देतो, गुरूपुढे गुडघे टेकून वाकतो आणि गुरूला चहा देतो. त्यानंतर तो त्या घराण्यात मोजला जातो. गुरू आधी वर्षानुवर्षं पोराची वागणूक बघतो, मगच हो म्हणतो.

हेनान प्रांतातल्या शाओलिन मठात ही पिढी नावातच दिसते. भिक्षूंचं आडनाव 'शी', म्हणजे शाक्यमुनी बुद्धांच्या नावातलं पहिलं अक्षर. त्यापुढे पिढीचं अक्षर येतं. त्यासाठी ७० अक्षरांची एक जुनी कविता ठरलेली आहे, दर पिढीला पुढचं अक्षर. 'युंग' अक्षराची ३३ वी पिढी, तर 'येन' अक्षराची ३४ वी.

सरकारी श्रेणी १९९८ पासून

चीनच्या वुशू संघटनेने १९९८ मध्ये 'दुआन-वेई' ही देशभर एकच असलेली श्रेणीपद्धत आणली. चिनी मार्शल आर्ट्सना तिकडे वुशू म्हणतात. यात ९ पायऱ्या आहेत. पहिल्या तीन गरुडाच्या, मधल्या तीन वाघाच्या आणि वरच्या तीन ड्रॅगनच्या. तिसरीला सोनेरी गरुड, सहावीला सोनेरी वाघ, नववीला सोनेरी ड्रॅगन. खूण बिल्ल्यावर असते, शेल्याच्या रंगावर नाही. वरच्या पायऱ्यांना नुसते हात-पाय चालवून भागत नाही. किती वर्षं शिकवलं, अभ्यास किती, वागणूक कशी, हेही बघतात.

पालकांनी काय विचारायचं?

पट्टा वाईट नाही. पोराला हुरूप येतो, सराव टिकतो. पण तो त्या क्लासपुरता आहे, हे लक्षात ठेवून चार प्रश्न जरूर विचारा :

१. सर स्वतः कोणाकडे आणि किती वर्षं शिकले?
२. पट्टा कोणती संघटना देते, आणि क्लासबाहेर तो कुठे चालतो?
३. सगळ्या परीक्षांचा मिळून खर्च किती?
४. पोरं अधिकृत स्पर्धेत उतरतात का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वुशू १९९० पासून आशियाई स्पर्धेत आहे. मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवी हिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच खेळात रौप्यपदक मिळवलं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे मान्य स्पर्धेतली कामगिरी बघतात, पट्ट्याचा रंग नाही. कोणता खेळ आणि कोणती स्पर्धा धरली जाते, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी, आणि ती पुढच्या परीक्षेची फी भरण्याआधीच केलेली बरी.